जपानी शिक्षकाचे छप्पन्न तास : टॅलिसचा डेटा कसा वाचायचा

जपानमधला कनिष्ठ माध्यमिक शाळेचा शिक्षक आठवड्याला ५६ तास काम करतो. 'टॅलिस' या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीतला हा आकडा, आणि तिच्यात भाग घेतलेल्या देशांची सरासरी ३८.३ तास निघते. २०१८ सालचे हे आकडे इतक्या ठिकाणी छापून आलेत की शिक्षणावर लिहिणाऱ्या बहुतेकांना तोंडपाठ असावेत. त्यावरून काढलेला एक निष्कर्षही अधूनमधून कानावर येतो : 'जपानी शिक्षक सगळ्यात जास्त शिकवतात.' हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. त्याच पाहणीनुसार त्यांचा प्रत्यक्ष शिकवण्याचा वेळ १८ तास आहे आणि सरासरी २०.३ तास. म्हणजे वर्गात ते इतरांपेक्षा कमीच असतात. उरतात ३८ तास. इतर देशांतल्या शिक्षकाचा जवळजवळ अख्खा आठवडा!

हे ३८ तास जातात कुठे, ते दुसऱ्याच्या लेखातून उचलण्याऐवजी मूळ डेटामधून स्वतः काढता येतं. डेटा फुकट आहे. एमएड करणारे, शिक्षणावर लिहिणारे पत्रकार, शिक्षक संघटनेत आकडेवारी सांभाळणारे, कुणालाही तो उतरवून घेता येतो. फक्त तो हाताळायची एक पद्धत आहे. ती वगळली तर उत्तर मिळतंच, पण चुकीचं.

आधी ओळख, थोडक्यात

टॅलिस ही ओईसीडीची (मुख्यतः विकसित देशांची आर्थिक सहकार्य संघटना) शिक्षकांसाठीची आंतरराष्ट्रीय पाहणी. २००८, २०१३, २०१८ आणि २०२४ अशा तिच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत २४ देश होते. २०२४ च्या फेरीत ५५ शिक्षणव्यवस्था आणि सुमारे २ लाख ८० हजार शिक्षक होते. तिचे निष्कर्ष ऑक्टोबर २०२५ मध्ये आले. प्रत्येक देशातून साधारण २०० शाळा निवडतात. प्रत्येक शाळेतून २० शिक्षक एक प्रश्नावली भरतात आणि मुख्याध्यापक वेगळी प्रश्नावली भरतात. मुलांना काहीही विचारलं जात नाही, त्यांची परीक्षाही घेतली जात नाही. भारत आजवर एकाही फेरीत नाही. त्यामुळे या डेटामध्ये महाराष्ट्र शोधू नका. लेखाच्या शेवटी त्याच्याकडे दुसऱ्या वाटेने येऊ.

पायरी १ : प्रश्न लहान करा

'शिक्षकांच्या कामाची परिस्थिती कशी आहे' हा प्रश्न घेऊन फाइल उघडली की शेकडो रकाने समोर येतात आणि संध्याकाळपर्यंत हाती काही लागत नाही. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर एका छोट्या तक्त्यात मावेल. या लेखापुरते दोन घेऊ. पहिला : जपानी शिक्षकाचे तास कोणकोणत्या कामांत जातात? दुसरा : गरीब घरांतली मुलं जास्त असलेल्या शाळांत नवखे शिक्षक जास्त असतात का? पहिला कामाच्या परिस्थितीचा आहे, दुसरा विषमतेचा. दुसऱ्याला मेहनत जास्त लागते.

पायरी २ : प्रश्नावली वाचा, फाइल नंतर

ही पायरी लोक गाळतात, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. दोन्ही प्रश्नावल्या ओईसीडीच्या संकेतस्थळावर डेटासोबतच असतात. छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा.

तासांचा प्रश्न काय विचारतो ते बघा. सगळ्यात अलीकडच्या एका पूर्ण आठवड्यात, या शाळेतल्या नोकरीशी संबंधित कामांवर, ६० मिनिटांचा एक तास या हिशेबाने एकूण किती तास गेले? प्रत्येक तुकडा महत्त्वाचा आहे. 'पूर्ण आठवडा' म्हणजे ज्यात सुट्टी किंवा आजारपण आलं नाही असा आठवडा. त्या आकड्याला ५२ ने गुणून वर्षाचे तास काढणं म्हणूनच चूक. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी घरी केलेलं कामही त्यात मोजायचं असतं. '६० मिनिटांचा तास' मुद्दाम लिहावं लागतं, कारण शिक्षकाच्या डोक्यात तास म्हणजे तासिका, आणि तासिका कुठे ३५ मिनिटांची तर कुठे ५० ची. 'या शाळेतल्या' म्हणजे दोन शाळांत अर्धा-अर्धा वेळ शिकवणाऱ्याचं दुसऱ्या शाळेतलं काम यात येतच नाही.

त्यानंतर शिकवण्याचे तास वेगळे विचारतात आणि मग इतर कामांची यादी येते : एकट्याने केलेली तयारी, सहकाऱ्यांबरोबरची चर्चा, वह्या-पेपर तपासणं, विद्यार्थ्यांना सल्ला-मार्गदर्शन, शाळेच्या व्यवस्थापनात सहभाग, कार्यालयीन काम, प्रशिक्षण, पालकांशी संपर्क, शाळेनंतरचे उपक्रम, इतर. गंमत अशी की एकूण तास आणि कामांचे तास स्वतंत्रपणे विचारलेले असतात, त्यामुळे बेरीज जुळेलच असं नाही. कुणी एकूण ५० लिहितो आणि तुकड्यांची बेरीज ६१ येते. हा डेटामधला बिघाड नव्हे, माणसाची आठवण अशीच चालते. बेरीज जुळवायला आकडे ओढूनताणून बसवू नका. एकूण तासांबद्दल लिहायचं असेल तर एकूणचा प्रश्न वापरा, वाटणीबद्दल लिहायचं तर तुकडे वापरा आणि तसं स्पष्ट लिहा.

जपानचे तुकडे पाहिले की ३८ तासांचं कोडं बरंच सुटतं. शाळेनंतरच्या उपक्रमांवर तिथला शिक्षक आठवड्याला ७.५ तास घालवतो, तर सरासरी १.९ तास आहे. हे म्हणजे 'बुकात्सु', शाळेचे खेळांचे आणि कलांचे क्लब. ते संध्याकाळी चालतात, शनिवार-रविवारीही चालतात, आणि त्यांची जबाबदारी शिक्षकावरच असते. कार्यालयीन काम ५.६ तास, सरासरी २.७. उलट स्वतःच्या प्रशिक्षणावर जेमतेम ०.६ तास, सरासरी २.०. कार्यालयीन काम आणि प्रशिक्षण या दोन ओळी शेजारी ठेवल्या की ५६ या आकड्यापेक्षा बरंच काही कळतं.

याला एक कायदेशीर पार्श्वभूमीही आहे. १९७१ च्या कायद्याने जपानमधल्या सरकारी शाळांच्या शिक्षकांना ओव्हरटाइमऐवजी मूळ वेतनाच्या ४ टक्के भत्ता मिळू लागला. १९६६ च्या पाहणीत जादा काम महिन्याला सुमारे ८ तास निघालं होतं, त्यावरून हे ४ टक्के ठरले. पुढे काम वाढत गेलं, टक्का तिथेच राहिला. जादा तासाला पैसे नाहीत म्हटल्यावर त्याची नोंद काटेकोरपणे ठेवायची गरज कुणालाच वाटली नाही. अशा ठिकाणी शिक्षकालाच विचारणाऱ्या पाहणीचं मोल वाढतं. २०२५ मध्ये कायदा बदलला आणि हा भत्ता टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर न्यायचं ठरलं.

पायरी ३ : फाइल उतरवा आणि तिची तब्येत बघा

शिक्षकांची फाइल वेगळी, मुख्याध्यापकांची वेगळी, आणि शिक्षणाच्या स्तरानुसार पुन्हा वेगवेगळ्या. टॅलिसचा मुख्य स्तर कनिष्ठ माध्यमिक, जपानमध्ये सातवी ते नववी. प्राथमिक आणि उच्च माध्यमिक हे स्तर देशांच्या मर्जीवर असल्यामुळे त्यांत देश कमी. फाइली आकडेवारीच्या एसपीएसएससारख्या प्रणालींच्या स्वरूपात मिळतात. 'आर' ही मोफत प्रणाली त्या सहज वाचते. नुसतं एक्सेल घेऊन यात शिरू नका, कारण पायरी ५ ला हात टेकावे लागतील.

फाइल उघडली की आधी तासांच्या रकान्यातली सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी किंमत बघा. 'उत्तर दिलं नाही', 'प्रश्न लागू नाही' यांच्यासाठी ९९ किंवा ९९९ सारखे सांकेतिक आकडे असतात. फाइल एका प्रणालीतून दुसरीत नेताना ते कधीकधी खरे आकडे बनून बसतात, आणि मग आठवड्याला ९९९ तास राबणारा शिक्षक सरासरी बिघडवतो. तासांचा साधा आलेखही काढा. ४०, ४५, ५०, ६० अशा गोल आकड्यांवर उत्तरांचे गठ्ठे दिसतील. माणसं अंदाजाने सांगतात, मोजून नाही. अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकावर मोठा निष्कर्ष उभारायचा मोह झाला तर हा आलेख पुन्हा काढून बघा.

पायरी ४ : भारांक

पहिल्यांदा मी हा डेटा घेतला तेव्हा नुसती सरासरी काढली आणि ती छापील आकड्याशी जुळेना. दोन दिवस मी फाइलच खराब उतरली असं समजून ती पुन्हापुन्हा उतरवत बसलो. फाइल ठणठणीत होती. मी भारांक लावला नव्हता.

भारांक म्हणजे नमुन्यातला हा एक शिक्षक प्रत्यक्षातल्या किती शिक्षकांच्या वतीने बोलतोय तो आकडा. तो सगळ्यांचा सारखा का नसतो ते एका काल्पनिक हिशेबाने पाहू. समजा, शाळेत जितके शिक्षक जास्त तितकी ती निवडली जाण्याची शक्यता जास्त, असा नियम आहे. ६० शिक्षकांच्या शाळेची शक्यता ६ शिक्षकांच्या शाळेच्या दहापट. पण मोठ्या शाळेतून ६० पैकी २० जणच घेणार आणि लहान शाळेतून सहाच्या सहा. म्हणजे एकेका शिक्षकाची निवड होण्याची शक्यता मोठ्या शाळेत २० च्या प्रमाणात आणि लहान शाळेत ६ च्या प्रमाणात. लहान शाळेतल्या शिक्षकाचा भारांक म्हणून २० भागिले ६, म्हणजे सुमारे ३.३ पट हवा. प्रत्यक्षात प्रत्येक देश लहान शाळांसाठी, खासगी शाळांसाठी वेगळी गणितं करतो, शिवाय ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांची भरपाईही भारांकातच असते. तत्त्व मात्र हेच.

आता हा भारांक लावला नाही तर आवाज कुणाचा दबतो ते बघा : खेड्यापाड्यातल्या, आडबाजूच्या लहान शाळांचा. विषमतेचा अभ्यास करायला बसलेल्या माणसाकडूनच तो दबावा, यापेक्षा वाईट काय?

शिक्षकांच्या फाइलमध्ये अंतिम भारांकाचा रकाना 'टीसीएचडब्ल्यूजीटी' या रोमन अक्षरांनी दिसतो, तर मुख्याध्यापकांच्या फाइलमध्ये शाळेचा भारांक असतो. कोणता लावता त्यावर वाक्य बदलतं. शाळेचा लावला तर 'इतके टक्के शाळांत', शिक्षकाचा लावला तर 'इतके टक्के शिक्षक अशा शाळांत काम करतात'. दोन्ही बरोबर, पण आकडे वेगळे.

तुमचा हात बरोबर बसलाय का हे तपासायची एक खात्रीची युक्ती : नवं काही शोधण्याआधी छापून आलेला एक आकडा स्वतः काढून बघा. २०१८ च्या फाइलमधून जपानचे ५६.० आले का? आले की पुढे जा. नाही आले तर नवीन विश्लेषण सुरूच करू नका.

पायरी ५ : आकडा किती डळमळीत आहे

२०० शाळा, प्रत्येकी २० शिक्षक, म्हणजे ४००० उत्तरं. पण एका शाळेतले वीस जण एकाच मुख्याध्यापकाच्या हाताखाली, एकाच वेळापत्रकात, एकाच गावात असतात, त्यामुळे त्यांची उत्तरं एकमेकांसारखी येतात. शाळेअंतर्गत सारखेपणा (० ते १ या मापावर) ०.१ इतका जरी धरला तरी १ + १९ × ०.१ = २.९ इतका फटका बसतो, म्हणजे ४००० ला २.९ ने भागावं लागतं, आणि ४००० उत्तरांची माहिती सुमारे १३८० सुट्या उत्तरांइतकीच उरते. नेहमीच्या सूत्राने काढलेली प्रमाणत्रुटी (नमुन्यामुळे आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप) त्यामुळे खोटी लहान दिसते.

यासाठी फाइलमध्येच मुख्य भारांकाशिवाय आणखी १०० भारांकांचे रकाने दिलेले असतात. त्यांना बघून घाबरायचं कारण नाही. मुख्य भारांकाने सरासरी काढा. मग त्या शंभरांपैकी एकेक लावून शंभर सरासऱ्या काढा. प्रत्येकीचा मुख्य सरासरीशी फरक घ्या, फरकांचे वर्ग करा, बेरीज करा, तिला २५ ने भागा आणि वर्गमूळ काढा. झाली प्रमाणत्रुटी. (शंभरऐवजी २५ का, तर हे शंभर भारांक फे यांच्या पद्धतीने ०.५ हा गुणक धरून बनवलेत : १०० × ०.५ × ०.५ = २५.) रोज हे हाताने करायची गरज नाही. 'आर'मधली राल्सा किंवा एडसर्व्हे ही पॅकेजेस, किंवा आयईए संस्थेचं आयडीबी अ‍ॅनालायझर, हे आपोआप करतं. पण एकदा तरी हाताने करून बघा. राल्साला खिडक्या-बटणांचं रूप आहे, कोड लिहायची धास्ती असणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी.

पायरी ६ : विषमता देशाच्या आत शोधा

आता दुसरा प्रश्न. मुख्याध्यापकांना विचारलेलं असतं की शाळेतली साधारण किती टक्के मुलं आर्थिक-सामाजिकदृष्ट्या वंचित घरांतली आहेत. उत्तराचे पर्याय असे : एकही नाही, १ ते १०, ११ ते ३०, ३१ ते ६०, ६० हून जास्त. ओईसीडीच्या अहवालांत ३० टक्क्यांच्या वर असलेल्या शाळा 'वंचित' गटात टाकतात. नवखा शिक्षक म्हणजे एकूण अनुभव ५ वर्षांपर्यंतचा. शाळेचा क्रमांक वापरून मुख्याध्यापकाचं उत्तर त्या शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाच्या ओळीला जोडा. जोडताना देशाचा क्रमांकही घ्यायला विसरू नका, कारण शाळेचा तोच क्रमांक दुसऱ्या देशातही असू शकतो. मग शिक्षकाचा भारांक लावून दोन्ही गटांत नवख्यांचं प्रमाण काढा, फरक काढा, फरकाची प्रमाणत्रुटी त्या शंभर भारांकांनीच काढा.

इथे दोन ठिकाणी थांबा. 'वंचित' हा मुख्याध्यापकाचा अंदाज आहे आणि तो आसपासच्या मानाने केलेला असतो. एका देशातली ३० टक्के वंचित मुलं आणि दुसऱ्या देशातली ३० टक्के यांची गरिबी सारखी नसते. त्यामुळे 'कोणत्या देशात वंचित शाळा जास्त' अशी क्रमवारी मी तरी लावत नाही. एकाच देशातल्या दोन गटांमधला फरक मात्र बऱ्यापैकी भरवशाचा असतो. दुसरं, २०० शाळांतून वंचित गटात ३०-४० च उरल्या तर प्रमाणत्रुटी फुगते. तेव्हा फरक दिसला नाही याचा अर्थ फरक नाही असा काढू नका.

फरक सापडला तरी कारण इथे सापडत नाही. नवखे शिक्षक तिथे जातात, की अनुभवी लोक बदली करून घेऊन निघून जातात? एकाच वेळी काढलेल्या फोटोतून ते कळत नाही. मुलांच्या शिकण्यावर काय परिणाम झाला हेही नाही. काही देशांनी टॅलिस आणि पिसा (१५ वर्षांच्या मुलांची ओईसीडीची परीक्षा) एकाच शाळांत घेऊन डेटा जोडला आहे, पण तिथेही जोडणी शाळेपाशी थांबते. कोणतं मूल कोणत्या शिक्षकाकडे शिकतं ते कळत नाही.

पायरी ७ : मनाविषयीचे आकडे जपून

२०१३ च्या पाहणीत 'अभ्यासात रस नसलेल्या मुलांना प्रवृत्त करू शकतो' असं सांगणारे जपानी शिक्षक होते २१.९ टक्के. सरासरी ७० टक्के. मग जपानी शिक्षक नालायक आहेत म्हणायचं? त्यांची मुलं पिसात वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकांत आहेत. स्वतःबद्दल ठासून बोलायची रीत प्रत्येक समाजात वेगळी असते. आपल्याकडेही 'तुम्ही उत्तम शिकवता का' असं विचारलं तर एखादे गुरुजी 'बघा, प्रयत्न करतो' म्हणतील आणि एखादे छाती पुढे काढतील. ओईसीडीचे तज्ज्ञ ही गोष्ट आकडेशास्त्राने तपासतात, आणि बहुतेक मोजपट्ट्यांची सरासरी देशादेशांत थेट ताडून बघता येत नाही असं त्यांच्या तांत्रिक अहवालातच नोंदवलेलं असतं. तो भाग कंटाळवाणा आहे, तरी वाचा. समाधान, आत्मविश्वास, ताण यांच्याबद्दल देशाच्या आतले संबंध बघणं त्यातल्या त्यात सुरक्षित : ताण जास्त सांगणारे शिक्षक कार्यालयीन कामाचे तासही जास्त सांगतात का, अशा तऱ्हेचे.

दोन फेऱ्यांमधल्या तुलनेतही असाच खड्डा आहे. २०२४ मध्ये जपानच्या कनिष्ठ माध्यमिक शिक्षकांचे तास ५५.१ आले आणि सरासरी ४१. २०१८ च्या ५६.० शेजारी ठेवलं तर वाटेल, सहा वर्षांत एकच तास कमी झाला. पण ५६.० मध्ये अर्धवेळ शिक्षकही होते, तर ५५.१ फक्त पूर्णवेळांचा आहे. पूर्णवेळांची पूर्णवेळांशीच तुलना केली तर घट सुमारे ४ तासांची आहे. सरासरी ३८.३ वरून ४१ झाली म्हणून 'जगभर काम वाढलं' असंही याच कारणाने म्हणता येत नाही, शिवाय दोन्ही फेऱ्यांतले देशही सारखे नाहीत.

आपल्याकडे याचा उपयोग

डेटा नसला तरी प्रश्न उसने घेता येतात. तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांत अशी छोटी पाहणी कुणी करणार असेल तर टॅलिसची कामांची यादी पाया म्हणून चांगली आहे. मात्र ती जशीच्या तशी उचलली तर 'कार्यालयीन काम' या एकाच खणात आपल्याकडचं सगळं कोंबलं जाईल : पोषण आहाराच्या नोंदी, पोर्टलवर माहिती भरणं, व्हॉट्सअ‍ॅपवर 'आजच पाठवा' म्हणून आलेले तक्ते, बीएलओची ड्युटी. त्यांचे वेगळे खण करा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बिगरशैक्षणिक कामं शिक्षकांना द्यायची मुभा ठेवली आहे. तेव्हा ही तीन एका खणात आणि बाकीची दुसऱ्यात घातली तर तुमच्या आकड्याला कायद्याचा संदर्भ आपोआप मिळतो. याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकासाठी तयारीसह आठवड्याला किमान ४५ तास दिलेत. तुलना करायचीच तर जपानच्या ५६ शी करण्याऐवजी या ४५ शी करा.

शाळा निवडताना एकशिक्षकी-द्विशिक्षकी शाळांचा वेगळा गट ठेवा, आणि तिथल्या सगळ्या शिक्षकांना विचारा. आठवडा कोणता धरायचा ते आधी ठरवा : निवडणुकीचा नको, परीक्षेचा नको, गणपतीच्या सुट्टीचा नको. प्रश्न छापण्याआधी दोन-तीन शिक्षकांना तो मोठ्याने वाचायला लावा आणि 'तास' म्हटल्यावर त्यांनी काय मोजलं ते विचारा. तीन जणांत एकाने तरी तासिका मोजलेल्या निघतील.